डावी क्रँक निखळल्यावर : पानशेत रस्त्यावरील एका परतीच्या प्रवासाचा अभ्यास

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहणारे अनेक जण रविवारी पहाटे सायकलने पानशेतला जातात आणि ऊन चढायच्या आत घरी परततात. खडकवासला धरण, गोऱ्हे, डोणजे, खानापूर असा हा रस्ता बराचसा जलाशयाच्या कडेने जातो. मोठा घाट नाही. मात्र लहान चढउतार सतत आहेत. या अभ्यासातील सायकलस्वार पन्नाशी ओलांडलेले, बँकेत नोकरी करणारे आणि वडगाव बुद्रुकला राहणारे गृहस्थ आहेत. त्यांचे वजन सुमारे ७५ किलो आहे. सायकल हायब्रीड प्रकारची, मागे-पुढे गिअर असलेली, साधी सपाट पायडले आणि साइड स्टँड लावलेली होती. पानशेतहून परतताना खानापूर तीनेक किलोमीटर राहिले असता एका छोट्या चढावर ते सीटवरून उठून जोर देत होते, आणि त्याच क्षणी डावी क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असते तो दांडा, पायडलसकट ॲक्सलवरून (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आडव्या आसावरून) निसटून रस्त्यावर पडली. वेग कमी असल्याने ते पडले नाहीत. नळीवर आदळून मांडीला मुका मार लागला, एवढ्यावर निभावले. घर अजून सुमारे वीस किलोमीटर दूर होते.

दोन दिवसांनी ती सायकल दुरुस्तीसाठी माझ्याकडे आली. पुढील मजकूर तिच्या तपासणीवर आणि त्यांनी तपशीलवार सांगितलेल्या हकिकतीवर आधारलेला आहे. सायकलवरचे बहुतेक बिघाड पंक्चर किंवा तुटलेली चेन एवढ्यावर संपतात, आणि त्यांचे उपाय बहुतेकांना पाठ असतात. क्रँक निखळणे त्या मानाने दुर्मीळ आहे. त्या वेळी काय करावे याची पूर्वतयारी जवळजवळ कोणाचीच नसते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

बिघाड नेमका केव्हा झाला

क्रँक पडली त्या जागी बिघाड झाला असे त्यांचे म्हणणे होते. तपासणीत वेगळे दिसले. या सायकलच्या बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे चौकटीच्या तळाशी ॲक्सल आणि त्याची बेअरिंग बसवलेला भाग) ॲक्सल पोलादी असून त्याची दोन्ही टोके चौकोनी आणि किंचित निमुळती असतात; ॲल्युमिनियमच्या क्रँकमधील चौकोनी छिद्र त्या टोकावर पाचरीप्रमाणे घट्ट बसते, आणि ती पकड टिकवण्याचे काम मधला एक बोल्ट करतो. हा बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटर एवढा आवळावा लागतो, म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण तेरा किलोचा भार द्यावा लागतो. खिशातल्या छोट्या हत्याराने तेवढा जोर निघत नाही.

सायकलस्वाराने सांगितले की पानशेत सोडल्यापासून प्रत्येक फेऱ्याला डावा पाय खाली जाताना ‘कट्’ असा एक आवाज येत होता. पायडलमधले छर्रे सुकले असतील किंवा सीटचा दांडा वाजत असेल असे समजून, घरी गेल्यावर बघू या विचाराने त्यांनी दुर्लक्ष केले. सर्वात महागात पडलेला निर्णय हाच होता. सैल क्रँकवर जोर पडत राहतो तेव्हा पोलादी कोपरे मऊ ॲल्युमिनियमला थोडे थोडे खात जातात. मी क्रँक हातात घेतली तेव्हा छिद्राच्या चारही कोपऱ्यांत करडी, चिकट भुकटी साचलेली होती, आणि ती पुसल्यावर चकाकणाऱ्या भिंती आतल्या बाजूला गोलाकार झालेल्या दिसल्या. नव्या क्रँकमध्ये बोट फिरवले तर कोपरा बोटाला टोचतो. या क्रँकमध्ये बोट अडखळलेच नाही. अशी झीज एका झटक्यात होत नाही. बोल्ट हरवला तो चढावर किंवा त्याच्या थोडे आधी. क्रँक निकामी झाली ती आवाज ऐकत कापलेल्या किलोमीटरांत.

आवाज कुठून येतो हे ओळखण्यास अर्धा मिनिट पुरतो. सायकल उभी करून दोन्ही क्रँक दोन हातांत धरायच्या आणि चौकटीच्या दिशेने आत-बाहेर हलवून पाहायच्या. दोन्ही एकत्र डुलल्या तर दोष बेअरिंगमध्ये आहे. एकच डुलली तर ती क्रँक सैल आहे. यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही.

डावीच क्रँक का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो रास्त आहे, कारण दुरुस्तीला येणाऱ्या सैल क्रँकमध्ये डावीचेच प्रमाण जास्त असते. उजव्या पायाचा जोर उजव्या क्रँकमधून थेट दातेरी चकतीत जातो. तो ॲक्सलमधून जात नाही. डाव्या पायाचा जोर मात्र डाव्या चौकोनातून ॲक्सलला पीळ देत उजवीकडे पोहोचतो. त्यामुळे डाव्या सांध्यावर वाकवणारा भार आणि पिळणारा भार एकाच क्षणी येतात, तर उजव्या सांध्यावर ते वेगवेगळ्या क्षणी येतात. ७५ किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर आडव्या स्थितीत पूर्ण वजनानिशी उभा राहिला, तर तो पीळ सुमारे १२५ न्यूटन-मीटर होतो. सैल झालेल्या सांध्याला हे फार काळ सोसवत नाही.

रस्त्यावर केलेले प्रयत्न

पहिल्यांदा त्यांनी क्रँक पुन्हा चौकोनावर बसवून दगडाने ठोकली. पाच-सहा फेऱ्यांत ती परत बाहेर आली. मधला बोल्ट नसताना पाचर टिकणार नाही हे उघडच होते, तरी हा प्रयत्न चुकीचा म्हणता येणार नाही. क्रँक आधीच बाद झालेली असल्याने गमावण्यासारखे काही नव्हते. त्यानंतर बोल्ट शोधत ते काही अंतर मागे चालत गेले. काळा बोल्ट डांबरी रस्त्यावर सापडणे योगायोगाचीच गोष्ट, आणि तो आला नाही.

खानापूरपर्यंतचे अंतर त्यांनी निम्म्याहून अधिक चालत कापले. उतारावर बसून गेले आणि सपाटीवर सीट खाली करून डाव्या पायाने जमीन रेटत गेले. या टप्प्यावर त्यांना लहानपणीचे हाफ पायडल आठवले. मोठ्यांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून शिकलेल्या पिढीला हे कौशल्य अंगात मुरलेले असते : पायडल पूर्ण फिरवायचे नाही, वरून खाली दाबायचे आणि उलटे वर आणायचे. फ्रीव्हील असल्यामुळे उलटे फिरवताना चाकावर काही परिणाम होत नाही. मात्र हाफ पायडलमध्ये एक पायडल खाली जाताना दुसरे वर येते, आणि वर आलेल्या पायडलवर दुसरा पाय तयारच असतो. इथे दुसरी बाजूच नव्हती. डावी क्रँक गेल्याने तोल देणारे वजनही गेले, आणि उजवे पायडल प्रत्येक वेळी खाली लोंबकळत राहू लागले. सपाट पायडलवर बूट नुसता ठेवलेला असतो, त्यामुळे ते उचलायला बुटाचे टोक पायडलखाली घालून वर आणायचे, मग पाय काढून पुन्हा वर ठेवायचा, अशी कसरत होते. दर फेऱ्याला हे करत कोणी फार दूर जाऊ शकत नाही.

खानापूरला मोटारसायकल दुरुस्तीचे आणि पंक्चरचे एक दुकान उघडे होते. पूर्वी अशा गावात कॉटर पिन (क्रँक ॲक्सलवर घट्ट धरणारी पोलादी खीळ) ठोकून देणारा सायकलवाला हमखास भेटे, आणि जुन्या काळ्या सायकलची सैल क्रँक चहा पिऊन होईपर्यंत नीट होत असे. कॉटरची ती व्यवस्था वजनदार आणि ओबडधोबड होती. पण रस्त्यावर दुरुस्त करण्याच्या बाबतीत आजच्या ॲल्युमिनियमच्या क्रँकपेक्षा ती सरस होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानातल्या मुलाने आठचा बोल्ट काढला, तो ॲक्सलमध्ये धरून बोटांनी फिरवला आणि एक-दीड आट्यानंतर थांबला. “काका, हा जात नाही. जोर केला तर आतले आटे जातील,” असे म्हणून त्याने हात मागे घेतला. त्याचे हे थांबणे कौतुकास्पद आहे. या प्रकारच्या क्रँकचा बोल्ट ८ मिलिमीटर जाडीचाच असतो, पण त्याच्या आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते, तर मोटारसायकलवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या त्याच जाडीच्या बोल्टचे १.२५ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. तो बोल्ट पान्याने रेटला असता, तर काही शे रुपयांच्या क्रँकबरोबर ॲक्सलही बदलावा लागला असता. मुलाला आणखी एक शंका आली होती : डाव्या बाजूचे आटे उलटे असतात ना? ते पायडलच्या बाबतीत खरे आहे. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते. क्रँकचा बोल्ट मात्र दोन्ही बाजूंना सुलट्याच आट्यांचा असतो, आणि या गोंधळात अनेक जण आवळतो आहोत असे समजून तो सैल करून ठेवतात.

बोल्टचा मार्ग बंद झाला, तरी त्या दुकानातून एक उपयोगाची वस्तू मिळाली. मुलाने स्कूटरच्या टाकाऊ ट्यूबची दोन बोटे रुंद लांब पट्टी कापली, ती उजव्या पायडलच्या जाळीतून ओवली आणि बुटाच्या पुढच्या भागावरून सैलसर गाठ मारली. पाय पट्टीत सरकवता येई आणि मागे ओढला की सुटे. बूट पायडलला बांधून टाकला नाही, हा यातला कळीचा मुद्दा आहे. सुतळीने करकचून बांधलेला पाय पडताना सुटत नाही; रबर ताणले जाते आणि पाय मोकळा होतो. या पट्टीमुळे पायडल ढकलता येत होते तसेच उचलताही येऊ लागले, आणि खऱ्या अर्थाने एका पायाने सायकल चालवणे शक्य झाले ते इथून पुढे.

एका पायाने चालवताना नेमके काय बदलते

ताकदीचा हिशेब आधी पाहू. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर सपाट रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर वेगाने जाण्यास साधारण ३० वॉट पुरतात. एवढे काम एका पायाला सहज झेपते. तोच माणूस पाच टक्क्यांच्या चढावर ताशी ६ किलोमीटरने जाऊ लागला, तर ८० वॉटच्या आसपास लागतात, आणि तेही पायडल तळाशी गेल्यावर वेग मरत असताना. म्हणून सपाटीवर चालवणे आणि चढ दिसताच उतरून चालू लागणे ही या सायकलस्वाराने स्वीकारलेली पद्धत योग्य होती. चढावर हट्टाने बसून राहण्यात वेळ वाचत नाही, कारण त्या वेगात आणि पायी चालण्यात फरक उरत नाही.

मांडी आधी थकेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जांघेच्या पुढचा भाग आधी थकला, आणि दुसऱ्या दिवशी दुखला तोही तोच. याचे कारण असे की एका पायाचे वजनच शरीराच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे इथे बारा किलोच्या घरात असते. एरवी खाली जाणारा पाय वर येणाऱ्या पायाला उचलून देतो, त्यामुळे या उचलण्याची जाणीवही होत नाही. दुसरा पाय नसला की तेच बारा किलो दर फेऱ्याला जांघेच्या स्नायूंनी उचलावे लागतात, आणि ज्यांना या कामाची सवय नाही असे हे स्नायू काही मिनिटांत बोलू लागतात. सवयीने ते तयार होतात, यात शंका नाही : मध्य प्रदेशातील तान्या डागा यांनी २०२० मध्ये काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर एका पायाने सायकल चालवून पार केले. पण सरावाने घडलेल्या शरीराची तुलना रविवारी सकाळी अचानक या प्रसंगात सापडलेल्या माणसाशी करण्यात अर्थ नाही. त्याला दर दीड-दोन किलोमीटरला थांबावेच लागते.

थांबावे लागू नये म्हणून त्यांनी दोन पद्धती आलटून पालटून वापरल्या. पहिलीत पायडल पूर्ण फिरवायचे. दुसरीत घड्याळातील एकच्या जागेपासून पाचच्या जागेपर्यंत दाबायचे आणि त्याच वाटेने उलटे वर आणायचे. दुसरी पद्धत जांघेला थोडी विश्रांती देते, कारण तळाचा आणि मागचा अवघड भाग टळतो. मात्र गिअरच्या सायकलवर तिचा एक धोका आहे. चेन तिरकी असताना, म्हणजे पुढची मोठी चकती आणि मागचीही सर्वात मोठी चकती अशी जोडी असताना, पायडल उलटे फिरवले तर चेन उतरू शकते. त्यांची एकदा उतरलीही. नंतर त्यांनी मागे-पुढे दोन्हीकडे मधल्या चकत्या ठेवल्या, आणि चेन सरळ रेषेत राहिल्यावर हा त्रास थांबला. सर्वात हलका गिअर इथे उपयोगाचा नसतो. त्यात पायडल क्षणात तळाला जाते, झटका बसतो आणि ढकलण्याला पकड राहत नाही.

रिकाम्या पायाचे काय करायचे हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो, पण या प्रवासातला सर्वात मोठा धोका तोच होता. सुरुवातीला त्यांनी डावा पाय मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर टेकवला. टाच स्पोकला घासली आणि त्यांनी तो लगेच काढला. मग ॲक्सलच्या उघड्या टोकापाशी ठेवला. ते टोक उजव्या पायाबरोबर फिरतच असते, आणि त्याच्या कोपऱ्यात बुटाची नाडी अडकायला वेळ लागत नाही. शेवटी साइड स्टँड जिथे चौकटीला जोडलेला असतो त्या पट्टीवर तळवा टेकला. वजन पडून स्टँड उघडू नये म्हणून तो ट्यूबच्या उरलेल्या तुकड्याने बांधून ठेवला, आणि नाडी बुटाच्या आत खोचली. मधूनमधून पाय नुसता लोंबता ठेवूनही चालवता येते, मात्र फार वेळ नाही.

एक गोष्ट त्यांच्या नशिबाने बरी होती. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, आणि त्यांचा मोकळा पायही डावाच होता. थांबताना सायकल रस्त्याच्या कडेला कलत होती आणि पाय टेकायला माती मिळत होती. उजवी क्रँक गेली असती तर तिच्याबरोबर दातेरी चकतीही गेली असती, आणि एका पायाने काय, दोन पायांनीही सायकल पुढे सरकली नसती.

आणि उतार. सामान्यतः उतारावर आपण दोन्ही पायडले समपातळीत ठेवून त्यांवर उभे राहतो. खड्डा आला की गुडघे तो झेलतात. एका पायाने हे जमत नाही. सारे वजन सीटवर असते, उजवा पाय तळाशी गेलेला असतो आणि प्रत्येक खड्डा थेट कमरेत येतो. चढावर माणूस आपणहून उतरतो, उताराला मात्र मोह होतो, कारण तिथे कष्ट नाहीत. डोणजेच्या अलीकडील एका उतारावर वेग वाढून हँडल डगमगले, असे ते म्हणाले. माझ्या मते या संपूर्ण प्रवासात पडण्याची सर्वाधिक शक्यता त्या ठिकाणी होती. तसा उतार ब्रेक दाबत, जवळजवळ चालण्याच्या वेगानेच उतरायला हवा.

खडकवासल्यापासून घरापर्यंत

गोऱ्ह्यापर्यंत रस्ता मोकळा होता. खडकवासला धरणाजवळ, जिथे लोक जलाशयाकाठी कणसे आणि भजी खायला थांबतात, तिथे रविवारची गर्दी जमू लागली होती : उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या, अचानक उघडणारी मोटारींची दारे, रस्ता ओलांडणारी मुले. एका पायाच्या सायकलस्वाराला अशा जागी दोन अडचणी येतात. थांबल्यावर पुन्हा निघायला त्याला वेळ लागतो, कारण उजवे पायडल दोनच्या जागी आणून डाव्या पायाने जमिनीला एक-दोन रेटे दिल्याशिवाय सायकल तोल धरत नाही. आणि निघाल्यावर पहिले काही मीटर ती नागमोडी जाते. त्यांनी हा सारा भाग पायी पार केला.

पुढे किरकटवाडीपर्यंत ते पुन्हा चालवत आले. त्यापलीकडे नांदेड फाटा, धायरी फाटा असा दाट वाहतुकीचा पट्टा लागतो. इथे त्यांनी सायकल छोट्या टेम्पोत टाकायला हवी होती, असे मी त्यांना सांगितले. त्यांचे उत्तर असे होते की टेम्पो मिळवायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात ते पायी बरेच पुढे गेले असते, आणि ते खरोखर कडेकडेने चालतच गेले, त्यामुळे त्यांच्या निर्णयात धोका नव्हता. वेळेचा प्रश्न फक्त राहिला. क्रँक पडल्यापासून घरी पोहोचेपर्यंत तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. सायकल ढकलत सारे वीस किलोमीटर चालायला चार तासांहून अधिक लागले असते. म्हणजे एका पायाने चालवण्याने तासाभराची बचत झाली, आणि त्या बदल्यात आठवडाभर जिना चढताना उजवा हात कठड्यावर ठेवावा लागला. हा सौदा परवडणारा होता की नाही, याबद्दल आमचे अजून एकमत नाही. खानापूरहून ओळखीच्या कोणाला गाडी घेऊन बोलावणे मला सोयीचे वाटले असते. त्यांना ते कमीपणाचे वाटले.

दुरुस्ती

ॲक्सलच्या डाव्या चौकोनावर बारीक ओरखडे होते, पण कोपरे शाबूत होते आणि आतले आटे खानापूरच्या मुलाच्या संयमामुळे सुरक्षित राहिले होते. त्यामुळे ॲक्सल तसाच ठेवला. डावी क्रँक नवी घातली; उजवीची लांबी मागच्या बाजूला कोरलेली असते, ती पाहून १७० मिलिमीटरचीच घेतली, कारण दोन बाजूंना वेगळी लांबी असेल तर ते गुडघ्याला कळते. चौकोन पुसून कोरडा केला, क्रँक बसवली आणि नवा बोल्ट मोजणाऱ्या पान्याने ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळला. उजव्या बाजूचा बोल्टही तपासला. तोही अपेक्षेपेक्षा सैलच निघाला. म्हणजे ही सायकल घेतल्यापासून या दोन बोल्टांना कोणी हात लावलेला नव्हता.

नव्या क्रँकचे ॲल्युमिनियम पहिल्या काही फेऱ्यांत चौकोनावर किंचित बसते, आणि त्यामुळे बोल्टचा ताण थोडा उतरतो. म्हणून पहिल्या मोठ्या फेरीनंतर तो एकदा पुन्हा तपासून घ्यावा असे त्यांना सांगितले होते, आणि पुढच्या रविवारी पानशेतहून परतताना ते थेट माझ्याकडे आले. पाना लावला, बोल्ट जेमतेम पाव फेरा सरकला आणि थांबला. आता त्यांच्या पिशवीत तसाच एक जादा बोल्ट आणि चौदाचा गोटी पाना असतो.